आधी गंगा, मग देऊळ

नमस्कार श्रोतेहो. नाशिकला देवदर्शनाला निघालेल्या पाहुण्यांना मी एकच गोष्ट सांगते, तीच आज तुम्हालाही सांगते. आधी गंगा, मग देऊळ.

आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. संध्याकाळी घरातलं मोठं माणूस दिसलं नाही, तर "गंगेवर गेलेत" एवढं उत्तर पुरतं. बाहेरगावची मंडळी मात्र बसमधून उतरतात, रिक्षा ठरवतात आणि दोन तासांत पंचवटी उरकतात. रामकुंडावर पायावर पाणी घ्यायचं, फोटो काढायचा, की चालले. असं करू नका. पहाटे या. दिवे अजून चालू असतात, पाण्यावर धूर असतो, पायऱ्यांवर कुणी पिंड ठेवत असतं, तर शेजारीच कुणाच्या लेकराची अंघोळ चाललेली असते. इथल्या तीर्थोपाध्यायांकडे वंशावळीच्या वह्या आहेत. आपलं आडनाव आणि मूळ गाव सांगून बघा. पणजोबा कधी येऊन गेले ते त्यांच्याच अक्षरात सापडलं, तर घसा दाटून येतो. माझा आला होता.

इथे एक बोलल्याशिवाय राहवत नाही. नदीच्या पात्रात सिमेंट ओतू नये. रामकुंडाच्या परिसरात तळाला काँक्रीट झालं आणि त्याखाली जुनी कुंडं गेली, जिवंत झरे बुजले. नदीला खालूनही श्वास लागतो. घाट धुवायला सोपा व्हावा म्हणून झऱ्याचं तोंड बंद करणं मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही. असो.

आधी गंगा, मग देऊळ. रामकुंडासमोरच्या पायऱ्या चढल्या की कपालेश्वर. महादेवाचं देऊळ, पण समोर नंदी नाही. ब्रह्महत्येच्या पापातून सुटायला गोदावरीत स्नान कर, ही वाट महादेवाला नंदीनेच दाखवली. म्हणून नंदी गुरू झाला, आणि गुरूला समोर बसवायचं कसं? खाली नारोशंकराचं देऊळ, 1747 सालचं. त्याची घंटा नीट बघा. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण. मग काळाराम. पेशवाईतल्या सरदार रंगराव ओढेकरांनी काळ्या पाषाणात बांधलेलं हे देऊळ सुंदर आहेच. पण दारात क्षणभर थांबा. 2 मार्च 1930 ला याच दारांसमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्रीपुरुष रामाच्या दर्शनाचा हक्क मागत होते, आणि दारं बंद होती. पुढे कित्येक वर्षं ती उघडली नाहीत. आत जाताना हे मनात असू द्या. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा. सीतागुंफेत वाकून, बसून उतरावं लागतं. गुडघे दुखत असतील तर बाहेरूनच नमस्कार करा.

आता मारुतीकडे येते. घाटावर, पात्रालगत दुतोंड्या मारुती उभा आहे. उघड्यावरच, दोन्हीकडे तोंड. एरवी लोक तेल वाहतात, रुईची माळ घालतात आणि जातात. पावसाळ्यात मात्र तो साऱ्या गावाचं माप होतो. किती इंच पाऊस झाला, धरणातून किती पाणी सोडलं, हे नंतर. आधी विचारायचं, "मारुतीच्या कुठवर आलंय?"

मी चौथीत होते. मामाचं भांडी बाजारात तांब्या-पितळेचं दुकान होतं आणि मी सुट्टीच्या दिवशी तिथेच पडीक असायचे. (तांब्याच्या हंड्यातल्या पाण्याची चव स्टीलला कधी आली नाही, हेही जाता जाता सांगते. माझ्या घरी अजून हंडाच आहे.) त्या दिवशी दोन रात्रींच्या पावसानंतर गंगेला पूर आला होता. मामाने मला काम दिलं, "उतारावरून मारुती बघून यायचा. पुढे एक पाऊल टाकायचं नाही."

मी धावत गेले, धावत आले. "मामा, गुडघे!" मामाने खालच्या फळीवरची घमेली आणि पराती वर चढवल्या. पुन्हा गेले. "मामा, कंबर!" आता हंडे, कळश्या, घंगाळी माळ्यावर. समोरच्या, शेजारच्या दुकानांतूनही तोच खणखणाट. मोजून अर्ध्या तासाने मी ओरडत आले, "छाती!" आणि मामा म्हणाला, "बास. आता तू जायचं नाहीस."

तेवढ्यात दुकानात एक आजी आल्या. भिजलेल्या, बरोबर तरणा मुलगा. कडेवर मूल घ्यावं तसं पदराखाली गाठोडं धरलेलं. त्यांना तांब्याचा लहान तांब्या हवा होता, अस्थी ठेवायला. रात्रभर प्रवास करून आल्या होत्या. रामकुंडात अस्थी विरघळतात ही आपल्याकडची श्रद्धा, आणि यजमानांनी तेच एक मागून ठेवलं होतं.

"रामकुंड कुठल्या बाजूला हो?" त्यांनी विचारलं.

मामा क्षणभर काही बोललाच नाही. मग म्हणाला, "काकू, आज रामकुंड दिसायचं नाही. ते पाण्याखाली आहे."

आजी मटकन पायरीवर बसल्या. रडल्या नाहीत. गाठोडं तेवढं आवळून धरलं. आणि तेव्हाच गल्लीच्या तोंडाशी पाणी लागलं. गढूळ, तांबूस, त्यावर झेंडूची फुलं. मामाने ते बघितलं आणि म्हणाला, "उठा काकू. तुम्हाला जाता येत नाही म्हणून रामकुंडच चालत आलंय."

त्याने शेजारच्या आळीतून ओळखीच्या उपाध्यायांना बोलावलं. तांब्याचे पैसे घेतले नाहीत. त्या गल्लीत, घोटाभर पाण्यात, अर्ध्या ओढलेल्या शटरांसमोर मंत्र झाले. मुलाने दोन्ही हातांनी अस्थी सोडल्या. दुकानदार सामान उचलायचे थांबून हात जोडून उभे होते. नंतर सगळे वर चढलो. वरून आजींना मारुती दिसला, फक्त डोकं पाण्याबाहेर. त्यांनी तिथूनच नमस्कार केला. पूर ओसरायच्या आधीच त्या परतल्या. एकही देऊळ बघितलं नाही, काळाराम नाही, सीतागुंफा नाही.

पुढच्या चैत्रात त्या पुन्हा आल्या. थेट दुकानात. मामासाठी घरचे डिंकाचे लाडू आणले होते. मामा म्हणाला, "जा गं, आजींना काळाराम दाखवून आण."

आजी म्हणाल्या, "राम आहेच. आधी मला त्या मारुतीचे पाय दाखव. मागच्या खेपेला राहिले."

मी त्यांचा हात धरून घाट उतरले. गंगा उन्हाळ्यातली, बारीक, शांत. धुणं चाललेलं. मारुती पायांपासून डोक्यापर्यंत कोरडा, शेंदराने लालभडक. आजींनी दोन्ही पायांना हात लावला, तेल घातलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "त्या दिवशी पाणी कुठवर होतं गं?"

मी टाचा उंचावल्या, हात वर केला. तो पुरला नाही.