मऊ की कडक, हा नंतरचा प्रश्न

घरी गाडी बांधणारा कुणीही भेटला की इंजिन माउंटबद्दल, म्हणजे इंजिन आणि गाडीचा सांगाडा (चॅसिस) यांच्यामधल्या लवचिक आधाराबद्दल, पहिला प्रश्न ठरलेला असतो: "साधं मऊ रबर घेऊ की कडक पॉलियुरेथेन?" मला हा प्रश्न शेवटचा वाटतो. आधी कागद घ्या आणि इंजिन कुठे, कोणत्या दिशेने, किती जोर लावणार आहे ते मांडा. गॅरेजमध्ये माउंटला 'फाउंडेशन' म्हणतात. पायाचा विचार भिंतींच्या आधी करायचा असतो, आणि आपल्यापैकी बरेच जण तो चॅसिस पूर्ण झाल्यावर, उरलेल्या जागेत करतात.

वजनाचं कुणाला फारसं कठीण जात नाही. गिअरबॉक्ससकट दीडशे किलोचा ऐवज तीन जागी टेकवायचा, एवढंच. खरी कसोटी पिळाची. समजा इंजिनचा टॉर्क १५० न्यूटन-मीटर आहे आणि पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५. इंजिन गाडीच्या लांबीत बसवलं असेल, तर माउंटना १५० नव्हे, ५२५ न्यूटन-मीटर सोसावे लागतात, कारण गिअरबॉक्स इंजिनलाच बोल्टने जोडलेला असतो. डावा-उजवा माउंट अर्ध्या मीटरवर असतील, तर एकावर १०७ किलोचा जादा दाब येतो आणि दुसऱ्यावर तेवढीच उचल. आता पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं आडवं इंजिन घ्या, जे आपण हौसेने सीटमागे बसवतो. त्यात डिफरन्शियलही, म्हणजे दोन चाकांना जोर वाटून देणारा शेवटचा गिअरसंचही, त्याच धुडात असतो. त्याचं गुणोत्तर ४ धरलं तर आकडा थेट २,१०० वर जातो. मूळ गाडीत इंजिनच्या खालच्या बाजूला जो लहानसा टॉर्क रॉड दिसतो, तो हाच जोर अडवायला असतो. जागा नाही म्हणून तो गाळलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. कृपा करून गाळू नका.

त्या 'उचल' शब्दापाशी थोडं थांबतो. रबर दाब चांगला सोसतं, ओढ नाही. धातूला चिकटवलेलं रबर ओढलं गेलं की एक दिवस सुटतं. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सला शेवरलेच्या सुमारे ६७ लाख गाड्या याच कारणाने परत बोलवाव्या लागल्या. माउंट तुटायचा, इंजिन एका बाजूने वर उठायचं, ॲक्सिलरेटरची जोडणी ओढली जायची आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, उघडा अडकायचा. उपाय म्हणून इंजिन उठू नये अशी अडवण बसवून दिली गेली. म्हणून माझी पहिली अट ही की माउंट असा घ्या, ज्यातलं रबर पूर्ण फाटलं तरी धातूचे दोन भाग एकमेकांत अडकून राहतील. रबराचा कडकपणा कितीही असो, या अटीत सूट नाही.

दुसरी गोष्ट जागेची. १९३१ साली क्रायस्लरने प्लिमथमध्ये 'फ्लोटिंग पॉवर' आणलं. चार सिलिंडरचं इंजिन त्यांनी दोनच मुख्य ठिकाणी टांगलं, पुढे उंचावर आणि मागे गिअरबॉक्सखाली. त्या दोन बिंदूंना जोडणारी रेषा इंजिनच्या गुरुत्वमध्यातून जात होती, त्यामुळे इंजिन आपल्या नैसर्गिक अक्षाभोवती डुलायचं आणि चॅसिसला कमी हादरवायचं. जागेमुळे केवढा फरक पडला!

आता मऊ-कडक. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोन मुख्य हादरे देतं. गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू असतं (आयडल), तेव्हाच्या मिनिटाला ८०० फेऱ्यांना (आरपीएम) हे झाले सेकंदाला सुमारे २७. माउंटवर बसलेल्या इंजिनची स्वतःची वारंवारता, म्हणजे धक्का देऊन सोडलं तर ते आपोआप डुलण्याचा वेग, सेकंदाला १९ च्या खाली असेल तरच हे हादरे अडायला सुरुवात होते, आणि जितकी खाली तितकं बरं. वजनाने रबर २ मिलिमीटर बसलं, तर हिशेबाने ती ११ च्या आसपास येते. प्रत्यक्षात हलताना रबर जरा कडक वागतं, तरी जमतं. अर्धा मिलिमीटरच बसणारा कडक पॉलियुरेथेन माउंट मात्र २२ वर जातो, म्हणजे हादरे अडवण्याऐवजी वाढवतो.

माझ्या पहिल्या गाडीत मी तसेच माउंट घातले होते. सिग्नलला उभं राहिलं की आरशातली मागची गाडी नुसता पांढरा डाग दिसायची. काही महिन्यांनी इंजिनच्या ब्रॅकेटशेजारी, वेल्डिंगच्या कडेला, केसाएवढी तडा गेलेली सापडली. तेल पुसून बोट फिरवलं तेव्हा कळली. ब्रॅकेट मी चौकोनी नळीच्या मधोमध जोडला होता, जिथे नळी सहज वाकते. तो नळ्यांच्या सांध्याजवळच हवा. ब्रॅकेटच लवचिक असेल तर माउंटला काम करता येत नाही. त्यानंतर मी ज्या गाडीतून इंजिन घेतलं तिचेच रबर माउंट बसवले, आणि आजही सुरुवात तिथूनच करा असं सांगतो. ते त्याच इंजिनच्या वजनासाठी बनलेले असतात.

बसवताना सगळे बोल्ट सैल ठेवा, इंजिनचं पूर्ण वजन माउंटवर येऊ द्या, थोडं हलवा, मगच आवळा. सायलेन्सरच्या पाइपजवळच्या माउंटला पत्र्याचा आडोसा हवाच. मग ब्रॅकेटवर आणि इंजिनवर मिळून खडूची एक सरळ रेघ ओढा. दुसऱ्याला हँडब्रेक आणि ब्रेक दाबून, हळूच क्लच सोडत किंचित रेस करायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहून बघा, गाडीसमोर नाही. रेघ किती तुटते त्यावर होज, गिअरची जोडणी आणि पंख्याला किती मोकळी जागा लागेल ते कळतं.

आणि स्टार्टर मारण्याआधी इंजिनपासून चॅसिसपर्यंत अर्थिंगची जाड पट्टी लावा. रबर वीज जाऊ देत नाही. पट्टी नसली की स्टार्टरचा सगळा प्रवाह क्लच केबलमधून वाट काढतो. वितळलेल्या केबलचा तो वास मी एकदा घेतला आहे.