फुटपाथवरचा गुन्हा

(पडद्यावर: बर्मिंगहॅम शहराची जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

१२ एप्रिल १९६३. गुड फ्रायडे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम शहर. एका चर्चमधून ५२ माणसं बाहेर पडतात आणि दोन-दोनच्या रांगेत फुटपाथवरून चालू लागतात. त्यांच्यात कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग आहेत, त्यांचे सहकारी राल्फ अ‍ॅबरनथी आहेत आणि याच शहरातल्या आंदोलनाचे नेते, पाद्री फ्रेड शटल्सवर्थ आहेत. चौक आला की ते सिग्नल पाळतात. गाड्या अडत नाहीत, पादचाऱ्यांना वाट मिळते. मागे बघ्यांची गर्दी वाढते, त्यातले काही रस्त्यावर उतरतात, तरीही वाहतूक थांबत नाही. चार ब्लॉक चालून झाल्यावर पोलीस मोर्चेकऱ्यांना अटक करतात.

हे वर्णन आंदोलकांच्या पत्रकातलं नाही. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंच ते निकालपत्रात नोंदवलं.

मग गुन्हा कोणता? परवाना न घेता मिरवणूक काढली, हा.

अमेरिकेच्या राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती शांततेनं एकत्र जमण्याचा हक्क देते. पण मोर्चासाठी परवाना मागायचा अधिकार शहराला आहे, हेही तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९४१ मध्येच मान्य केलं होतं. एकाच रस्त्यावर एकाच वेळी दोन मिरवणुका आल्या तर काय करायचं, पोलीस किती लागतील, हे आधी ठरवावं लागतं. म्हणून शहरानं वेळ, जागा आणि पद्धत बघावी. मोर्चा कोणाचा आणि घोषणा कशासाठी, हे बघू नये.

बर्मिंगहॅमचा नियम इथेच घसरत होता. लोककल्याण, शिष्टाचार, नीतिमत्ता किंवा सोय यांना बाधा येईल असं नगर आयोगाला वाटलं, तर परवाना नाकारायची त्यात मुभा होती. वाटलं, एवढंच पुरे. आणि सार्वजनिक सुरक्षेचे आयुक्त होते बुल कॉनर, वर्णभेदाचे उघड समर्थक. एप्रिलच्या सुरुवातीला शटल्सवर्थ यांच्या संघटनेची एक कार्यकर्ती परवाना मागायला गेली, तेव्हा कॉनर यांनी तिला सुनावलं की परवाना मिळणार नाही, मिळेल ती तुरुंगाची वाट. दोन दिवसांनी शटल्सवर्थ यांनी तार पाठवून पुन्हा मागणी केली. पुन्हा नकार.

(पडद्यावर: गॅस्टन मोटेल, रात्रीची वेळ)

१० एप्रिलच्या रात्री शहराचे अधिकारी राज्याच्या न्यायालयात गेले आणि एकतर्फी मनाई हुकूम घेऊन आले. त्यांच्या अर्जात १३९ व्यक्ती आणि दोन संघटनांची नावं होती. समोरच्या बाजूचं कोणीही न्यायाधीशांपुढे नव्हतं. मध्यरात्र उलटल्यावर हुकूम किंग यांच्या हाती पडला. गुड फ्रायडे दुसऱ्या दिवसावर येऊन ठेपला होता. ईस्टरची खरेदी हा शहरातल्या दुकानांचा मोठा हंगाम, आणि आंदोलनाचा सगळा भर त्या दुकानांवरच्या बहिष्कारावर होता.

न्यायालयात जाऊन हुकूम उठवायला काय हरकत होती, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचं उत्तर अलाबामाच्या आधीच्या इतिहासात मिळतं. १९५६ मध्ये याच राज्यातल्या एका न्यायालयानं कृष्णवर्णीयांची सर्वांत जुनी राष्ट्रीय हक्कसंघटना, ‘एनएएसीपी’, तात्पुरत्या हुकमानं बंद पाडली. तो ‘तात्पुरता’ हुकूम उठायला १९६४ साल उजाडलं, तेही सर्वोच्च न्यायालयात चार वेळा जाऊन. त्या बंदीनंतर काही दिवसांतच शटल्सवर्थ यांनी नवी संघटना उभी केली होती. त्याच वर्षी नाताळच्या रात्री त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. अशा माणसाला ‘थांबा, अपील करा’ असं सांगणं मला तरी जमणार नाही.

किंग तुरुंगात गेले. शहरातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी हे आंदोलन अवेळी आणि अविचारी ठरवलं होतं. त्यांना किंग यांनी तुरुंगातून जे पत्र लिहिलं, त्यात या परवान्याचाच दाखला आहे. नियम दिसायला न्याय्य असतो, वापरायला अन्याय्य असतो, असं ते सांगतात. असा नियम मोडायचा तर उघडपणे मोडावा आणि शिक्षा स्वीकारावी, असंही सांगतात. गांधींचा सत्याग्रह त्यांनी अभ्यासला होता. १९५९ मध्ये ते भारतात आले तेव्हा मुंबईत मणिभवनातच राहिले होते.

मनाई हुकूम मोडून न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल किंग यांना पाच दिवसांची कैद आणि ५० डॉलर दंड झाला.

(पडद्यावर: सेल्मा, एडमंड पेटस पूल, १९६५)

दोन वर्षांनी अलाबामातल्याच सेल्मा शहरात पुन्हा हुकूम आडवा आला. ७ मार्च १९६५ ला पुलावर मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी अमानुष झोडपलं होतं. दोनच दिवसांनी किंग दुसरा मोर्चा घेऊन त्याच पुलावर गेले. या वेळी हुकूम केंद्रीय न्यायालयाचा होता. त्यांनी प्रार्थना केली आणि सगळ्यांना परत फिरवलं. अनेक तरुण कार्यकर्ते त्यांच्यावर संतापले. पण आठच दिवसांनी न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी दोन्ही बाजू ऐकून ५४ मैलांच्या मोर्चाला परवानगी दिली, तीही हमरस्त्यावरून. अन्याय जितका मोठा, तितका निषेधाचा हक्क विस्तारतो, हे त्यांचं सूत्र. सोबत अटही घातली: रस्ता दुपदरी असेल तिथे तीनशेपेक्षा जास्त माणसं नकोत. रस्ता अडणार हे मान्य करून तो किती अडावा, हे त्यांनी ठरवून दिलं. या सगळ्या कहाणीत कायद्याचं इतकं शहाणं काम मला दुसरं दिसत नाही.

बर्मिंगहॅमचा अवमान खटला १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. पाच विरुद्ध चार. न्यायमूर्ती पॉटर स्ट्युअर्ट यांनी लिहिलं की शहराचा नियम घटनेत बसतो का, याबद्दल मोठी शंका घेता येईल, पण न्यायालयाचा हुकूम आधी पाळायचा, मग त्याविरुद्ध लढायचं. या म्हणण्याला वजन आहे. अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस १९६३ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला विद्यापीठाच्या दारात उभे राहिले, तेही न्यायालयाचा आदेश झुगारूनच. हुकूम पाळायचा की नाही हे ज्यानं त्यानं ठरवायचं म्हटलं, तर वॉलेस यांनाही तीच मुभा मिळते. तरीही मला हा निकाल पटत नाही. वॉलेस सत्तेवर होते आणि त्यांना न्यायालयात बाजू मांडायची संधी होती. बर्मिंगहॅमच्या मोर्चेकऱ्यांना न विचारता हुकूम निघाला, आणि तो उठेपर्यंत ईस्टर संपला असता. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्यासह चार न्यायमूर्तींनी विरोधी मत दिलं. ऑक्टोबर १९६७ च्या अखेरीस किंग ते पाच दिवस भोगायला अलाबामात परतले.

आणि १० मार्च १९६९ ला त्याच मोर्चाचा दुसरा खटला निकाली निघाला. हा होता शटल्सवर्थ यांचा. त्यांना ९० दिवसांची सक्तमजुरी झाली होती, शिवाय दंड न भरल्यास आणखी ४८ दिवस. या वेळी एकही न्यायमूर्ती विरोधात गेला नाही. निकाल लिहिला पुन्हा स्ट्युअर्ट यांनीच. ज्या परवाना-नियमाला नेमके, मोजता येतील असे निकष नाहीत तो घटनाबाह्य, आणि तो मोडणं हा गुन्हा नाही. शटल्सवर्थ सुटले. किंग यांची हत्या होऊन तेव्हा अकरा महिने झाले होते.

दोन्ही निकाल आजही लागू आहेत. १९६७ च्या निकालानं हुकूम उघड-उघड अवैध असेल किंवा दाद मागूनही न्यायालय टाळाटाळ करत असेल, एवढ्यापुरती फट ठेवली, पण तिच्यावर विसंबायला वकील धजत नाहीत. अमेरिकेत आज मोर्चाच्या आदल्या दिवशी मनाई हुकूम हाती पडला, तर ते तातडीचा अर्ज घेऊन वरच्या न्यायालयात धावतात. कारण तो हुकूम पुढे चुकीचा ठरला, तरी मोडणाऱ्याची शिक्षा कायम राहू शकते.