शेजारची खुर्ची

प्रतीक्षागृहात दोनच खुर्च्या रिकाम्या आहेत. एकीच्या शेजारचा माणूस ओळखीच्या पेहरावातला. दुसरीच्या शेजारचा माणूस फोनवर बोलतोय, त्याची भाषा कानाला अगदीच नवी. आत आलेली बाई क्षणभर थांबते, बॅगेचा पट्टा उगाच सारखा करते.

या क्षणभरात तिचा स्वभाव काम करत असतो.

मानसशास्त्रज्ञ व्यक्तिमत्त्व पाच गुणांवर मोजतात. चारचौघांत रमणारा, बोलका माणूस परक्यांनाही पटकन आपलंसं करत असेल, असं आपण धरून चालतो. पण बोलकेपणाचा आणि पूर्वग्रहाचा फारसा संबंध दिसत नाही. संबंध दिसतो तो दोन गुणांचा: नव्या अनुभवांबद्दलचा मोकळेपणा आणि दुसऱ्याला समजून घेणारा मनमिळाऊपणा. हे दोन्ही ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात पूर्वग्रह सहसा कमी.

जॉन डकिट या अभ्यासकाने यातले दोन रस्ते वेगळे करून दाखवले. मोकळेपणा कमी असलेल्याला घडी विस्कटायची धास्ती असते. जग त्याला धोक्याचं वाटतं. मनमिळाऊपणा कमी असलेल्याला जग म्हणजे चढाओढ वाटते, आणि त्यात आपला गट वर राहायला हवा असतो. दोघंही परक्याला दूर ठेवतात, पण एक घाबरून आणि दुसरा वरचढ राहण्यासाठी. दोघांना एकच उपदेश करून कसं चालेल?

मग स्वभावापुढे इलाज नाही का? मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडलं होतं की, माणसं बरोबरीच्या नात्याने एकत्र आली, एकाच कामाला लागली आणि वरिष्ठांचाही त्याला पाठिंबा असला, तर पूर्वग्रह ओसरतात. 2006 मध्ये 515 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा हा परिणाम खरा ठरला. मोठा नाही, पण ठाम.

पुढचा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. जी माणसं शिस्तीची, परंपरेची कट्टर पाठराखण करतात, आपणहून परक्यांत मिसळत नाहीत, त्यांच्यावरही अशा भेटींचा परिणाम होतो. काही अभ्यासांत तर इतरांपेक्षा जास्त.

ती बाई ओळखीच्या पेहरावाशेजारीच बसली. फॉर्म भरता भरता तिचं पेन थांबलं. दोनदा झटकून पाहिलं. पलीकडच्या माणसाने फोन खाली ठेवला आणि न बोलता आपलं पेन पुढे केलं.

या वेळी तिने बॅगेच्या पट्ट्याला हात लावला नाही.