कान देऊन चालवायची गाडी

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

टू-स्ट्रोक गाड्यांचा, म्हणजे पिस्टनच्या प्रत्येक वर-खाली फेरीत एकदा जळण होणाऱ्या इंजिनाच्या मोटारसायकलींचा, विषय निघाला की मला वेळेचे भान राहत नाही, म्हणून मुद्दा आधीच मांडून ठेवतो. या जुन्या वेगवान गाड्या काचेआड उभ्या करून जपता येत नाहीत. त्या चालत्या ठेवाव्या लागतात. असे का, ते शेवटी सांगेन. तत्पूर्वी त्यांच्या आवाजाविषयी बोलतो.

माझ्या तरुणपणी यामाहा आरडी ३५० हा आमच्या गप्पांचा न संपणारा विषय होता. १९७३ साली बाजारात आलेल्या या ३४७ सीसीच्या, दोन सिलिंडरच्या गाडीला ३९ अश्वशक्तीचे इंजिन आणि सहा गिअर होते. पण हे आकडे सांगून तिच्यावर बसण्याचा आनंद कळत नाही. कमी वेगात ती काहीशी कुरकुरत चाले. मूठ पिळत गेलो की इंजिनाच्या मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या आसपास फायरिंगचा सूर एकदम चढे, त्याच क्षणी पुढचे चाक हलके होई आणि गाडी अक्षरशः हातातून निसटू पाहत असे. मागच्या रांगेत काही मंडळी हसत आहेत. त्यांनीही हा क्षण अनुभवलेला दिसतो.

तो सूर चढतो यामागे शुद्ध विज्ञान आहे. टू-स्ट्रोकच्या फुगीर एक्झॉस्टमध्ये धूर बाहेर पडताना दाबाची लाट निघते. नळी रुंदावते तेथून परतणारी लाट सिलिंडरमधला जळका वायू ओढून घेते, तर पुढे नळी निमुळती होते तेथून परतणारी लाट बाहेर निसटू लागलेले ताजे मिश्रण पुन्हा आत ढकलते. ठरावीक फेऱ्यांनाच या लाटांची वेळ जुळते, म्हणून ताकद एकदम येते आणि तशीच एकदम ओसरते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन यांनी हे तंत्र इतके पुढे नेले, की १९६१ पर्यंत त्यांच्या १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती मिळू लागली. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला, ते ज्ञान सुझुकीकडे गेले आणि १९६२ मध्ये सुझुकीला ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळाले. १९७५ मध्ये इटालियन स्वार आगोस्तिनी यांनी यामाहावर ५०० सीसीचे जगज्जेतेपद जिंकले, तेव्हापासून २००१ पर्यंत त्या गटात टू-स्ट्रोकचेच राज्य होते.

मात्र मला ही गाडी शिकवली ती आमच्यातल्या एका वयाने मोठ्या मित्राने, आणि तीही स्पार्क प्लग वाचायला, म्हणजे त्याच्या रंगावरून इंजिनाची प्रकृती ओळखायला, लावून. मोकळ्या, सरळ रस्त्यावर पूर्ण मूठ पिळून गाडी पळवायची, तशाच वेगात क्लच दाबून इंजिन बंद करायचे आणि गाडी आपोआप थांबू द्यायची. मग तापलेला प्लग फडक्यात धरून सोडवायचा आणि त्याच्या चिनी मातीचा रंग उन्हात निरखायचा. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. काळा आणि तेलकट असेल तर पेट्रोल जास्त. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडत आहे आणि पिस्टन धोक्यात आहे. कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी बारीक नळी, बदलायचा आणि पुन्हा तेच करायचे. हवा गार झाली की रंग फिरे, घाट चढलो की फिरे. जोराने जाताना दोन बोटे सतत क्लचवर ठेवण्याची त्याने मला सवय लावली, कारण पिस्टन सीझ झाला, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये घट्ट अडकला, तर मागचे चाक जागच्या जागी अडकते आणि क्लच दाबायला क्षणभरच मिळतो. सीझ होण्याआधी फायरिंगमध्ये एक कोरडी किणकिण येते. ती ओळखायला मी त्याच्या मागे बसून शिकलो. इतक्या एकाग्रतेने मी त्यापूर्वी काहीच ऐकले नव्हते आणि तो वेग मला आजही प्रिय आहे, तो या ऐकण्यामुळेच.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य मुद्दा थोडक्यात सांगतो. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कप्प्यात, फोर-स्ट्रोकसारखा तेलाचा साठा नसतो. बेअरिंगना तेल मिळते ते आत येणाऱ्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणाबरोबर, म्हणजे इंजिन चालू असतानाच. वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे बेअरिंग गंजतात आणि क्रँकचे सील कडक होऊन चिरतात. तशी गाडी सुरू केली की सीलमधून हवा ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि पिस्टन सीझ होतो. म्हणजे चकचकीत रंग देऊन दालनात ठेवलेली गाडी आतून संपत असते.

धुराचा आक्षेप मला मान्य आहे. या इंजिनांतून काही पेट्रोल न जळताच बाहेर जाते आणि तेलही जळते, त्यामुळे रोजच्या वापरातून ती गेली हे योग्यच झाले. परंतु मोजक्या जुन्या गाड्या अधूनमधून चालवण्याने होणारा धूर अल्प आहे, आणि त्या बंद पडल्या तर प्लग वाचणारी, सूर ओळखणारी माणसे पुढे तयार होणार नाहीत.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे अशी गाडी झाकून ठेवलेली आहे, त्यांनी तिचे सील आणि बेअरिंग बदलून घ्यावेत, टाकी धुवावी, ताजे तेल भरावे आणि मगच किक मारावी. त्या वेळी विशीतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला शेजारी उभे करावे आणि पहिल्या फेरीनंतरचा प्लग त्यांनाच काढू द्यावा.