मोकळ्या हवेत, पण घड्याळ लावून

मंडळी, मज्जारज्जूला, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या नसांच्या दोरीला, इजा झालेल्यांनी मोकळ्या हवेत कसं जायचं, ते आज बोलू. २९ जुलै १९४८ ला लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होतं. त्याच दिवशी इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी व्हीलचेअरवरच्या १६ जखमी सैनिकांची, स्त्री-पुरुष दोघांचीही, तिरंदाजीची स्पर्धा भरवली. तिरंदाजीने दंड, खांदे आणि बसल्या जागचा तोल सुधारतो, हा हिशेब होताच. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. वॉर्डात रोजचा प्रश्न असतो, "आज काही हललं का?" मैदानात प्रश्न येतो, "बाण कुठे लागला?" हा दुसरा प्रश्न माणसाला सावरतो.

आता अडचणीकडे येऊ. इजेच्या खालचं शरीर तक्रार करत नाही. खडा टोचला, पट्टा करकचला, लघवी तुंबली, तरी कळवणारी तार तुटलेली असते. म्हणून ती राखण घड्याळाने आणि डोळ्यांनी करायची.

पहिली गोष्ट, बसण्याची गादी. हवेची गादी असेल तर बसल्यावर खाली हात सरकवून सर्वांत खालचं हाड चाचपा. हाड आणि गादीचा तळ यांच्यात दीड ते अडीच सेंटिमीटर हवा हवी. डोंगरावर चढलात की आतली हवा फुगते, गादी टणक होते. वर गेल्यावर पुन्हा चाचपायचं. दर १५ ते ३० मिनिटांनी भार हलवायचा. इथे बहुतेकांचं चुकतं: हातांवर जोर देऊन क्षणभर उचलतात आणि झालं म्हणतात. दबलेल्या कातडीत रक्त नीट परतायला दोनेक मिनिटं लागतात. तेवढा वेळ हातांवर कोण तोलून धरणार? त्यापेक्षा छाती मांड्यांकडे झुकवून बसा, खांदेही वाचतात. तोल जात असेल तर समोर कुणीतरी उभं हवं.

कच्च्या वाटेवर घात करतात ती पुढची छोटी चाकं. वाळूत किंवा खड्ड्यात ती रुततात, खुर्ची जागीच थांबते, माणूस पुढे फेकला जातो. पायटेकूला जोडायचं एक मोठं चाक मिळतं. ते लावलं की छोटी चाकं जमिनीपासून उचललेली राहतात.

कयाकमध्ये बसणार असाल तर एक नियम मोडायचा नाही: माणसाला नावेला बांधायचं नाही. तोल सांभाळायला पाठीला, कुशीला उंच आधार द्या, पण नाव उलटली की अंग आपोआप सुटलं पाहिजे. हे उथळ, शांत पाण्यात, मदतनीस जवळ उभा ठेवून, मुद्दाम उलटून बघायचं. पाय अनवाणी नकोत. काठाच्या काँक्रीटवर घोटा खरवडला तरी कळत नाही.

उन्हाबद्दल थोडक्यात: इजेखाली घाम नीट येत नाही, त्यामुळे मानेच्या इजेत अंग झपाट्याने तापतं. फवाऱ्याची बाटली, सावली आणि दर तासाला विश्रांती. उन्हात ठेवलेली काळी गादी आधी हाताने तपासा.

आणि आता ज्यासाठी मी खरं तर बोलायला उभा आहे ते. छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर इजा असेल तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया होऊ शकतो. कॅथेटरची, म्हणजे लघवी काढायची, नळी मुडपली, मूत्राशय भरलं, नाही तर नुसता बूट घट्ट झाला, की रक्तदाब एकदम चढतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या अंगाला घाम फुटतो, नाक चोंदतं. नेहमीचा वरचा दाब ९०-१०० असलेल्या माणसाला १४० सुद्धा धोक्याचा, हे सोबत्यांना माहीत नसतं. आडवं मुळीच करू नका! ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टे-बूट सैल करा, नळी तपासा, मूत्राशय रिकामं करा. काही मिनिटांत दाब उतरला नाही तर रुग्णालय गाठा. हे एका कार्डावर लिहून खिशात ठेवा, कारण ऐन वेळी डॉक्टरलाही ते दाखवावं लागतं.

नळीने लघवी काढायची ती चार ते सहा तासांनी, एका वेळी ५०० मिलिलिटरच्या आत. पाणी कमी प्यायचा शॉर्टकट नको.

घरी आल्यावर आरसा घ्या. माकडहाड, बैठकीची हाडं, टाचा बघा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तेव्हा ऊब आणि टणकपणा हाताने शोधा. डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो पूर्ण जाईपर्यंत त्या जागेवर बसायचं नाही, दुसऱ्या दिवशी कितीही छान सहल ठरलेली असो.