आधी हाताने फिरवून बघा

नमस्कार मंडळी. सांगली, मिरज, तासगाव, पलूस आणि पलीकडं कराड-साताऱ्यापर्यंत जिथं जिथं रेडिओ चालू आहे तिथल्या सगळ्यांना नमस्कार. आज बोलायचंय ते जुन्या छोट्या ट्रॅक्टरबद्दल आणि पॉवर टिलरबद्दल. म्हणजे गोठ्याच्या मागं नाहीतर बेदाण्याच्या शेडच्या कोपऱ्यात ताडपत्री टाकून उभं असतं ना, ते. घरातलं कुणीतरी दर दिवाळीला म्हणतं एकदाचं भंगारात घाला, आणि दुसरं कुणीतरी म्हणतं असू दे की, काय खायला मागतंय का. मी त्या असू दे म्हणणाऱ्यांच्या बाजूचा. नोकरी माझी कुपवाड एमआयडीसीत, पण सुट्टी मिळाली की असलं एखादं बंद पडलेलं मशीन चालू करायचं, ही माझी हौस, आणि ही हौस आपल्या भागात अजून कितीतरी जणांनी करावी असं मला मनापासून वाटतं.

ही हौस जगभर आहे बघा. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर शहराबाहेर मोठमोठ्या आवाराची घरं झाली, त्यांना गवत कापायला आणि थंडीत बर्फ ढकलायला छोटा ट्रॅक्टर लागायला लागला, मग इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६०-६१ च्या सुमाराला कब कॅडेट काढला, एक सिलिंडरचं ७ हॉर्सपॉवरचं कोहलरचं पेट्रोल इंजिन, आणि १९६३ ला जॉन डिअरने त्यांचा ११० नंबरचा आणला. त्या गाड्यांना साठ वर्षं झाली तरी लोक त्या अजून चालवतात. का, तर कोहलरच्या त्या के सिरीजचा ब्लॉक बिडाचा आहे, झिजला तर बोअर मारायचा, ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा की झालं. इग्निशन म्हणाल तर पॉइंट आणि कंडेन्सर, पॉइंटचा गॅप २० थाऊ, म्हणजे इंचाचे २० हजारांश, फिलर गेजची पातळ पट्टी घातली की कळतं. घरच्या घरी माणसाला कळेल असं बनवलेलं मशीन. आणि ह्याच इंटरनॅशनल कंपनीबरोबर महिंद्राने १९६३ ला भागीदारी केली, त्यातनंच आपल्याकडं बी-२७५ आला, जो अजून कितीतरी गावात उसाच्या ट्रॉल्या ओढताना दिसतो.

आता आपल्याकडं काय लॉन नाही, आपल्याकडं द्राक्षबाग. त्यामुळं आपला बागेतला ट्रॅक्टर म्हणजे मित्सुबिशी शक्ती, १८.५ हॉर्सपॉवर, तीन सिलिंडर, मागं औषध फवारायचा ब्लोअर लावून दोन ओळीतनं आरामात जाणारा, आणि त्याच्याही आधीपासनं बागेत, भातात फिरलेले पॉवर टिलर, शक्तीचे, केरळातल्या कामकोचे. ही मशीनं कुणी म्युझियममध्ये ठेवणार नाही, पण आपल्या भागाच्या शेतीचा इतिहास ह्यांच्यातच आहे. लोखंडाने जमीन बिघडते असं शेतकऱ्यांना वाटायचं त्या काळात ज्यांनी लोखंडी नांगर करून विकला त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर कारखाना काढला, तो आपल्याच पलूस तालुक्यात. त्या मातीतल्या माणसांनी जुनं यंत्र न बघताच किलोवर विकावं हे मला पटत नाही.

तर मुद्द्याचं. जुनं मशीन हातात आलं की पहिलं काम म्हणजे ते चालू करून न बघणं. लोक काय करतात, नवीन बॅटरी आणतात, डिझेल ओततात आणि स्टार्टर मारतात, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढतात. असलं अजिबात करू नका. आधी फ्लायव्हील, म्हणजे इंजिनचं जड चाक, हाताने फिरवून बघा, अगदी सावकाश. मोकळं फिरतंय का, कुठं अडतंय का, कॉम्प्रेशनला हाताला दाब लागतो का, की काहीच लागत नाही. ह्या पाच मिनिटांत इंजिन निम्मं कळतं.

माझ्या मामांचा टिलर सावळजला होता, कित्येक वर्षं बंद. मामा म्हणाले बघ बाबा तुझ्यानं काय होतंय का. सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं, आत तार घातली तर चिमूट चिमूट माती पडत राहिली. एअर क्लीनरच्या वाटीतलं ऑइल डांबरासारखं घट्ट, त्यात बेदाण्याच्या शेडमधली धूळ, एक चिलट सुद्धा त्यातनं हललं नसतं. डिझेल टाकीच्या झाकणाला हवेचं बारीक भोक असतं ते सुद्धा मातीनं बंद. आणि फ्लायव्हील, हललं नाही. पिस्टन लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, धरलेला.

आता टिलरचं इंजिन आडवं असतं, त्यामुळं नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, काढून भोकातनं तेल सोडलं तर ते खालच्या अंगाला जाऊन बसतं, वरची बाजू कोरडीच राहते. म्हणून रेडिएटरचं पाणी, टाकीतलं डिझेल सगळं काढून टाकलं, हँडल जमिनीला टेकवून टिलरचं तोंड वर केलं, खाली लाकडी ओंडके लावले आणि मग डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून नोझलच्या भोकातनं आत सोडलं. आणि सोडून दिलं, मधनं मधनं येऊन फ्लायव्हीलला पुढं-मागं नुसता हलका झोका द्यायचा, मामा म्हणायचे अरे घण घाल की एकदा, मी म्हटलं मामा घण घातला तर पिस्टन सुटेल नाहीतर रॉड वाकेल, आणि रॉड वाकला की सगळंच खोलावं लागेल. तेलाला वेळ लागतो. एका सकाळी झोका दिला आणि फ्लायव्हील बोटभर सरकलं. बोटभरच. पण ते हाताला जे कळलं ना, त्यासाठीच माणूस ही हौस करतो असं मला वाटतं. मग पुढं-मागं करत करत पूर्ण फेरा झाला, आतलं घाण तेल काढलं, चेंबरचं, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीतलं, ऑइल बदललं, हेड काढून लायनर बघितला, घोडं फक्त रिंगांवर अडलेलं, लायनर चांगला होता.

नोझलचं काम मात्र घरी करू नका. पंपवाल्याकडं टेस्टरवर लावून बघा, धुक्यासारखा बारीक फवारा पडला पाहिजे, धार पडली किंवा टोकाला थेंब लोंबला की ते नोझल गेलं. आणि फवाऱ्यासमोर हात धरायचा नाही, त्या दाबाने डिझेल कातडीतनं आत घुसतं, वरनं नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो पण आत हात सडतो, असं कधी झालंच तर घरी हळद लावत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

नोझल बसवलं की हवा काढायची. डिझेल इंजिन चालू न होण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे लाइनमध्ये हवा राहिलेली असते, आणि माणसं तेवढ्यासाठी पंप खोलून बसतात. फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करा, बुडबुडे बंद होऊन सलग डिझेल आलं की आवळा, मग पंपाकडं तेच, मग नोझलच्या पाइपचा नट ढिला ठेवून इंजिन फिरवा, तिथं डिझेल उडायला लागलं की आवळून टाका. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत धरायचा नाही, उलटा झटका आला तर मनगट जातं.

चालू झालं की धूर बघा. काळा असेल तर हवा कमी पडतीय नाहीतर डिझेल जास्त जातंय, पहिला एअर क्लीनर बघा. निळा असेल तर ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड. पांढरा असेल तर जरा थांबा, थंड इंजिनला थोडा वेळ येतोच, पण गरम झाल्यावरही येत असेल तर कॉम्प्रेशन कमी आहे, टायमिंग हललंय किंवा हेड पॅकिंगमधनं पाणी आत येतंय. मग डिपस्टिक काढून बघा, ऑइल दुधाळ दिसलं की पाणी चेंबरमध्ये गेलंय, इंजिन तिथंच बंद करायचं.

जाम झालेल्या नटांचं पण सांगतो कारण नवीन पोरं इथंच हार मानतात. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करा, पातळ तेल सोडा, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी आधी किंचित आवळायच्या दिशेला आणि मग सोडायच्या दिशेला. पान्याला पाइप घालून जोर लावला की बोल्ट तुटून आतच राहतो. आणि बिडावर हातोडा नाही, म्हणजे नाहीच, बीड वाकत नाही, तडकतं.

पार्ट मिळत नाहीत अशी सगळ्यांची तक्रार असते. मिळतात हो. सील आणि बेअरिंग ह्यांच्यावर नंबर असतो, मशीन कुठल्याही कंपनीचं असू दे, नंबर जुळला की मिळालं. बुश गनमेटलचा लेथवर होतो, माझे मिरजेचे लेथवाले चाचा जुना झिजलेला बुश हातात घेऊन बोटानं फिरवतात आणि सांगतात बेटा हा एका अंगानं जास्त खाल्लाय, तुझी शाफ्ट वाकडी आहे आधी ती बघ, बुश नंतर. असली माणसं आहेत अजून आपल्याकडं, त्यांच्याजवळ बसून शिकून घ्या. आणि बिडाचा एखादा भाग फुटलाच तर कोल्हापूरचं उद्यमनगर लांब नाही, पॅटर्न दिला की ओतून देणारे आहेत. फक्त तुटलेला जुना तुकडा फेकू नका, मापं त्याच्यावरनंच घेतात.

रंगाचं एवढंच सांगतो, रंग सगळ्यात शेवटी. कितीतरी जण मशीन आणलं की पहिला स्प्रे मारतात, इन्स्टावर फोटो टाकतात आणि मग कळतं की गिअर बॉक्समधनं ऑइल गळतंय. रंगाखाली गळती दिसत नाही, तडा दिसत नाही. मला तर मूळ रंग उडालेला, हँडलला हात लागून लागून गुळगुळीत झालेला टिलरच जास्त आवडतो, पण ती आपापली आवड. चालू मात्र ठेवा. आणि चालू ठेवायचं म्हणजे खंडेनवमीला हार घालायचा आणि दोन मिनिटं सुरू करून बंद करायचं असं नाही, इंजिन चांगलं गरम होईपर्यंत चालवा, नाहीतर आतली ओल ऑइलमध्येच राहते. त्यापेक्षा परसातल्या भाजीच्या तुकड्यात रोटर फिरवा, त्याला काम द्या. आणि रेडिएटरमध्ये पाणी बोरचं घालू नका, तासगाव, कवठेमहांकाळ, जत भागात बोरच्या पाण्याचे क्षार आत थर धरतात आणि इंजिन तापायला लागतं. आणि धोतर, उपरणं, ओढणी, पदर पीटीओच्या, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या, शाफ्टजवळ न्यायचा नाही, शाफ्टचं कव्हर काढून ठेवलं असेल तर आजच बसवा.

आता शेवटचं, नदीकाठच्या मंडळींना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं, धोक्याची पातळी ४५, हे तुम्हाला मी काय सांगायचं. पाणी ओसरल्यावर जी इंजिनं गेली त्यातली बरीच पुरानं गेली नाहीत, घाईनं गेली. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पाणी दाबलं जात नाही, मग रॉड वाकतो नाहीतर हेड उचलतं. म्हणून बुडालेलं मशीन आधी बॅटरी सोडवून ठेवा. चेंबरचा नट ढिला करा, पाणी जड असल्यानं पहिलं पाणीच येतं, मग ऑइल. नोझल काढा आणि हाताने फिरवा, भोकातनं पाणी बाहेर येईल, येऊ दे. आत थोडं डिझेल सोडा, परत फिरवा. डिझेल टाकी, फिल्टर, एअर क्लीनर सगळं रिकामं करून धुवा. गिअर बॉक्स आणि हायड्रॉलिकचं ऑइल पण काढायचं, तिथं पाणी गेलेलं असतंच, लोक हे विसरतात. नवीन ऑइल भरून थोडा वेळ चालवायचं आणि ते ऑइल पण लगेच काढून टाकायचं, महाग वाटलं तरी. स्टार्टर आणि डायनामो उन्हात नुसता ठेवून भागत नाही, खोलून वाळवायला द्या. हे सगळं पाणी उतरल्यावर जितक्या लवकर होईल तितकं चांगलं, आठवडा गेला की रिंगा गंजायला लागतात. आणि विमा असेल तर चिखल धुवायच्या आधी फोटो काढून ठेवा, टायरवर आणि बॉनेटवर पाण्याची रेघ दिसली पाहिजे, चेसिस नंबरचा फोटो वेगळा काढा.

नमस्कार.