अभिमन्यूचं सर्टिफिकेट

नमस्कार. मागे भिंतीला टेकून उभे असलेले तिघे दादा, पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. नखांच्या कार्यक्रमाला पुरुष आला की तो कुणालातरी सोडायला आलाय असं आपण धरूनच चालतो. या तिघांतल्या एकाने केलेलं फ्रेंच मॅनिक्युअर मी जवळून पाहिलंय. तसं मला आजही जमत नाही, आणि हे मी माइकवर सांगतेय. (हशा)

पत्रिकेत विषय छापलाय, 'नखांवरचं जेल सुरक्षित काढण्याचं प्रशिक्षण कसं असावं'. मी आयोजकांना आधी दुसरं नाव दिलं होतं, 'अभिमन्यूचं सर्टिफिकेट'. त्यांना ते फार पौराणिक वाटलं. पण आपली गत तीच आहे ना? चक्रव्यूहात शिरायचं कसं हे सगळ्यांना येतं. प्रेप, बेस, दोन कोट, टॉप, दिव्याखाली हात, फोटो. बाहेर पडायचा धडा आला तेव्हा सुभद्रेचा डोळा लागला होता. आपल्याकडे विद्यार्थिनी टक्क जाग्या असतात, डोळा शिकवणाऱ्यांचा लागतो. मी शिकले तिथे एक्स्टेंशनला, म्हणजे खोटी लांब नखं लावायला, कित्येक आठवडे होते. काढण्याला शेवटच्या दिवशी, सर्टिफिकेटवर नावं लिहिणं चालू असताना, एक वाक्य मिळालं, "अ‍ॅसिटोनमध्ये भिजवायचं आणि ढकलायचं." मी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्या दोन रेघांची गोष्ट सांगते. माझ्या जुन्या विद्यार्थिनींनी ती पाच वेळा ऐकलीय, त्यांनी खुशाल मोबाइल बघावा.

नोकरीला लागून मला दुसरा महिना होता. एक बाई आल्या. शिवणकाम करणाऱ्या, बोटांना सुईची भोकं, बोलणं कमी. कुठल्यातरी समारंभासाठी दुसरीकडून एक्स्टेंशन करून घेतलं होतं. म्हणाल्या, "फक्त काढून द्या. नवीन काही नको." हे वाक्य ऐकलं की पार्लरमध्ये सगळ्यांचे चेहरे पडतात, तुम्हाला माहीत आहे. नवीन लावणार असाल तर काढणं फुकट, अशी पद्धत. नुसतंच काढायचं म्हणजे खुर्ची अडली. मी वहीप्रमाणे कापूस, फॉइल, पंधरा मिनिटं. उघडलं तर नख जसंच्या तसं. पुन्हा पंधरा. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा गुंडाळलं तोवर बाईंची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. पुढची गिऱ्हाईक दारात आणि मालकीणबाई घड्याळाकडे बघतायत. मी नखाच्या मुळाची कातडी मागे ढकलायचा लोखंडी पुशर उचलला, एक कोपरा सुटलेला होता तिथे तो घातला आणि उचकटलं.

'टक्' असा आवाज आला. तो आवाज इथे बसलेल्या प्रत्येकीला ओळखीचा आहे. माना खाली घालू नका. (हशा)

खाली नखाची चकाकी नव्हती. खरखरीत, पोपडे निघाल्यासारखं, मध्ये गुलाबी. आता मला खरी लाज वाटते ती पुढच्या भागाची. पहिलं नख असं निघालेलं दिसत असूनही मी उरलेली नऊ तशीच काढली. मला वाटलं काढणं म्हणजे असंच असतं. वर बफर फिरवला, म्हणजे जे उरलं होतं तेही घासलं, तेल चोळलं, नखं चमकली. बाई "थँक्यू" म्हणून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या. आवाज चढवला नाही. टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले आणि म्हणाल्या, "काल गरम पाण्यात हात घातला नि जीव गेला. टाचणी उचलता येत नाहीये. हे किती दिवस?" मी बेधडक सांगितलं, "आठ दिवस. नखांना जरा श्वास घेऊ द्या." मैत्रिणींनो, नख श्वास घेत नाही. ते मेलेलं केराटिन आहे, थरांवर थर रचलेलं, सगळी मिळून जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. लागेल ते सगळं मुळाशी रक्तातून येतं. गेलेला थर जागच्या जागी भरून निघत नाही, नवीन नखाने त्याला पुढे ढकलत टोकापर्यंत न्यायचं, एवढा एकच उपाय. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. बाईंनी शिकवलं.

कसं? दर महिन्याला येऊन. हात टेबलावर ठेवायच्या आणि पर्समधून शिंप्याची टेप काढायच्या. क्युटिकलपासून, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीपासून, त्या खडबडीत रेषेपर्यंत माप. पहिल्या महिन्याला तीन मिलिमीटर. "अजून दहा आहेत," म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्या महिन्याला सहा. चहा घ्या म्हटलं तर नको. मला सुरुवातीला राग यायचा, मग भीती वाटायची, मग मी वाट बघायला लागले. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पूर्ण बदलायला सहाएक महिने लागतात, हे मी पुस्तकात नंतर वाचलं. (पायाच्या नखाला वर्ष-दीड वर्ष. त्या बाईंनी पायालाही एक्स्टेंशन लावलं नव्हतं हे माझं नशीब.) अखेरीस ती रेघ टोकाला आली. बाईंनी स्वतःच्या कात्रीने, माझ्या टेबलावर, दहाही नखं कापली. मग म्हणाल्या, "आता एक पातळ कोट लावा. पण आधी सांगा, काढणार कसा?"

तोवर मला उत्तर येत होतं. इतके महिने दुसरं केलंच काय होतं! मी म्हटलं, बाई, हे तीन प्रकारचं असतं. अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, चिकट गोळा होतो. भिजवून निघणारं जेल विरघळत नाही. दिव्याखाली त्याचे रेणू एकमेकांत गुंतून जाळं होतं, अ‍ॅसिटोन त्या जाळ्यात शिरतो, जेल फुगतं आणि त्याची नखावरची पकड सुटते. हार्ड जेलचं जाळं इतकं घट्ट की अ‍ॅसिटोनला आत वाटच नाही, ते फक्त घासून उतरवायचं. तुमचं ते होतं. बाईंनी मान हलवली. "म्हणजे एक धावदोरा, एक सैल वीण आणि एक दुहेरी शिवण. शिवण न बघता उसवायला कसं बसता तुम्ही?" तेव्हापासून मी क्लासमध्ये हेच तीन शब्द वापरते.

बरं, ही सगळी मंडळी आली कुठून? १९५४ मध्ये फ्रेड स्लॅक नावाच्या अमेरिकन दंतवैद्याचं नख तुटलं आणि त्याने दातांच्या अ‍ॅक्रिलिकने ते सांधलं, तिथून. बाटलीतलं जेल पॉलिश घरोघर पोचलं ते मात्र २०१० नंतर. दाताचा संबंध लक्षात ठेवा, मी परत येणार आहे त्यावर.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' बघा, पत्रिकेतला विषय अजून सुरूच व्हायचाय. (हशा) आता भरभर सांगते.

पहिलं म्हणजे क्रम उलटा करा. नवीन मुलीच्या हातात ब्रश देण्याआधी काढायला द्या. पहिले आठवडे तिने फक्त उतरवायचं, आधी टिपवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या खोट्या नखांवर, आणि मग एकमेकींच्या हातावर. आणि परीक्षा घ्यायची ती अनोळखी सेटवर, कुणी लावला, कशाने लावला, काही न सांगता. तिने टॉप कोट फोडावा, एका नखावर अ‍ॅसिटोन लावून बघावा आणि दहा-पंधरा मिनिटांनी धावदोरा, वीण की शिवण ते सांगावं. दहाही बोटं गुंडाळून मग विचार करायचा नाही.

टॉप कोट फोडायलाच हवा, नाहीतर अ‍ॅसिटोन वरच्यावर फिरतो. १८० ग्रिटची फाइल घ्या, चकाकी गेली की थांबा. हार्ड जेल असेल तर शेवटचा पातळ थर नखावरच राहू दे, वाढेल तसा कापत जा. हे 'थांबणं' शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. जेल घासायच्या ड्रिलचा बिट एका जागी टेकवून ठेवायचा नाही. गिऱ्हाइकाने बोट मागे ओढलं तर ते पुढे ओढू नका, तुमच्या डोळ्यांना दिसत नाही तो चटका तिला लागलाय.

कापूस नखाएवढाच घ्या, सगळं बोट भिजवू नका. भोवतीच्या कातडीला आधी व्हॅसलीन. जेल ओल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसं सुटलं तर लाकडी काडीने सरकवा, नाहीतर पुन्हा गुंडाळा. जोर लावावा लागला म्हणजे वेळ झालेली नाही.

अ‍ॅसिटोन उणे २० अंशालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतो, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असते, टेबलावरून खाली पसरते. तरी मी पार्लरमध्ये टेबलाखाली सुगंधी मेणबत्ती लावलेली पाहिलीय! वातावरणनिर्मिती म्हणे.

आता दात. अ‍ॅक्रिलिक काय नि जेल काय, सगळी अ‍ॅक्रिलेट-मेथाक्रिलेट नावाची रसायनं, दंतवैद्याच्या अ‍ॅक्रिलिकच्याच घराण्यातली. नीट न सुकलेलं जेल कातडीला लागत राहिलं की कुणाला अ‍ॅलर्जी होते, आणि झाली की बहुधा जन्माची. पुढे दातात भरायचं सिमेंट, सांधे बदलताना वापरायचं हाडांचं सिमेंट, तिथेही ती आडवी येऊ शकते. काढताना उडणारी धूळ आपल्याच मनगटावर आणि पापण्यांवर बसते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे, मास्क, धूळ ओढणारा पंखा. युरोपीय संघाने २०२० मध्ये नियम केला, हेमा नावाचं मेथाक्रिलेट असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनी वापरायची. छान. पण व्यावसायिक कोण? जिच्या वहीत एक वाक्य आणि दोन रेघा आहेत ती? १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे टीपीओ, म्हणजे दिव्याखाली जेल घट्ट करायला मदत करणारं रसायन, बंद झालं, तेव्हा मला फोनवर फोन, "ताई, आमची बाटली चालेल का?" पुशरबद्दल आजवर एकीनेही फोन केलेला नाही.

नकार द्यायलाही शिकवा. जेल उचललं गेलंय आणि खाली हिरवट दिसतंय, तर तो ओलीतला जिवाणू आहे, स्यूडोमोनास. काढा, वर काही लावू नका, डॉक्टरकडे पाठवा. नख मांसापासून सुटलंय, पू आहे, नखुर्डं झालंय, तरी तेच. नुसते पांढरे खडबडीत डाग दिसले तर लगेच बुरशी म्हणून घाबरवू नका, बरेचदा ती मागच्या 'टक्'ची खूण असते.

आणि काढण्याचे वेगळे पैसे लावा. फुकट काम घाईतच होतं, त्याला पुशर जबाबदार नाही.

पुन्हा चिठ्ठी. हो, संपवते. प्रश्न नंतर घेऊ, आधी प्रत्यक्ष करून दाखवते, टेबल मांडलेलं आहे. तिसऱ्या रांगेतल्या निळ्या ओढणीच्या ताई, मी बोलायला लागल्यापासून तुम्ही अनामिकेचं जेल दाताने सोलताय. अर्धं राहिलंय ना? तसंच ठेवा आणि इकडे या.